कार्ड मिळालं, डॉक्टर कुठाय?

दिवाळीपासून आमच्या माहेरच्या ग्रुपवर एकच वाद पेटलाय: म्हातारपणी औषधपाण्याचं कोणी बघायचं. माझ्या पुण्यातल्या भाच्याच्या मते प्रश्न मिटला. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं कार्ड, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांचं कवच. महात्मा फुले योजना राज्याने 2023 साली सगळ्या कुटुंबांना खुली केली. वर 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला. माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं उलट. सरकारी कार्डाला मोठी हॉस्पिटलं भीक घालत नाहीत, ऐपत असेल त्याने खासगी पॉलिसी घ्यावी. दोघंही तावातावाने लिहितात आणि दमले की माझ्याकडे वळतात. भाचा म्हणतो, "तुझं बरं आहे मावशी. पासष्ट झाले, सरकारचं कार्ड घरपोच आलं. अमेरिकेत म्हाताऱ्यांना सगळं फुकट."

हे वाचलं की माझं डोकं फिरतं. फुकट कशाला म्हणायचं? नोकरीच्या अख्ख्या काळात दर पगारातून मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कर कापला गेलाय. आणि आजही पार्ट बीचा, म्हणजे त्यातल्या डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनीतून परस्पर वळता होतो. 2025 साली तो महिन्याला 185 डॉलर होता, 2026 साली 202.90 झाला. माणशी. त्यावर मेडिगॅपचा, म्हणजे मेडिकेअर देत नाही तो वाटा भरणाऱ्या खासगी पॉलिसीचा, हप्ता वेगळा, औषधांच्या पार्ट डीचा वेगळा. दात, चष्मा आणि कानाचं यंत्र सरकारच्या मूळ मेडिकेअरमध्ये धरलेलंच नाही.

पण पैशांचं एक वेळ सोडा. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या सगळ्या वादात डॉक्टर कुठेच नाही. कार्ड आहे, हॉस्पिटल आहे, बिल आहे. सकाळी उठल्यावर गरगरायला लागलं तर पहिल्यांदा कोणापुढे जाऊन बसायचं, हे त्या दोनशे मेसेजांत कोणी विचारलेलं नाही. आणि आम्ही अमेरिकेतली म्हातारी माणसं गेली काही वर्षं नेमकं तेच शोधत फिरतोय.

न्यू जर्सीत असताना आमचा मेडिकेअर ॲडव्हांटेजचा एचएमओ होता, म्हणजे मेडिकेअर खासगी कंपनीमार्फत, आणि डॉक्टर तिच्या नेटवर्कमधलेच. पार्ट बीवर वेगळा हप्ता शून्य, डॉक्टर ओळखीचे, बारा-तेरा वर्षांचे. एका नोव्हेंबरात पत्र आलं, की विमा कंपनीचा आणि डॉक्टरांच्या ग्रुपचा करार संपतोय, जानेवारीपासून ते नेटवर्कमध्ये नसतील. डॉक्टर त्याच इमारतीत, त्याच खोलीत बसणार होते. आमच्यासाठी मात्र ते संपले. त्याच सुमारास लेकीने केरीला घर घेतलं आणि आम्हीही नॉर्थ कॅरोलायनात आलो. ॲडव्हांटेजचे प्लॅन काउंटीप्रमाणे असतात, त्यामुळे जुना प्लॅन आपोआप सुटला. अशा वेळी मेडिगॅप घेण्याचा हक्क 63 दिवस राहतो, तब्येतीची चौकशी न करता. यांना स्टेंट आहे, मला साखर. एरवी कोणत्या कंपनीने आम्हाला दारात उभं केलं असतं? तेव्हा मूळ मेडिकेअर आणि वर मेडिगॅपचा प्लॅन जी घेतला. आता नेटवर्कची कटकट नाही, मेडिकेअर घेणारा देशातला कोणताही डॉक्टर चालेल, असं सगळ्यांनी सांगितलं आणि नियमाने ते खरंच आहे.

मग फोन सुरू झाले. पलीकडून आवाज अतिशय गोड. "नवीन पेशंट घेतो, पण मेडिकेअरचे नाही." दुसरीकडे घेतात, पण पहिली अपॉइंटमेंट साडेचार महिन्यांनी, आणि तीही डॉक्टरांची नाही, नर्स प्रॅक्टिशनरची. तिसरीकडे मेडिकेअर चालतं, पण दवाखाना आता कन्सिअर्ज झालाय, वर्षाची सभासद फी वेगळी भरायची आणि ती मेडिकेअर देत नाही. यादीतले एक डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले होते, त्यांचं नाव आणि फोटो मात्र साइटवर अजून हसत होता. हा केवळ माझ्या नशिबाचा भाग नाही. 2023 साली सिनेटच्या अर्थ समितीच्या कर्मचाऱ्यांनी मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या याद्यांमधल्या 120 मानसोपचारवाल्यांना फोन लावून पाहिले. अपॉइंटमेंट मिळाली ती फक्त 18 टक्के वेळा. यादीत नाव असणं आणि दार उघडं असणं यांत एवढं अंतर.

त्या डॉक्टरांनाही मी दोष देणार नाही. मेडिकेअर देतं त्या दरांत खासगी विम्यापेक्षा कमी मिळतं, आणि 2025 साली ते दर आणखी 2.83 टक्क्यांनी खाली आणले. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, झोप आणि एकटेपणा घेऊन आलेल्या माणसाला वीस मिनिटांत बघायचं, मग संध्याकाळी घरी बसून त्याच्या नोंदी भरायच्या. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेली पोरं कार्डिऑलॉजीकडे वळतात, त्यात नवल नाही. एकेकट्याचे दवाखाने मोठ्या हॉस्पिटलांनी विकत घेतलेत. प्रेसिडेंट जॉन्सननी 30 जुलै 1965 रोजी मिसूरीतल्या इंडिपेन्डन्स गावी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड ट्रूमनना दिलं. तेव्हा प्रश्न होता म्हाताऱ्यांचं बिल कोण भरणार. तो प्रश्न त्यांनी बऱ्याच अंशी सोडवला, आणि त्याचं श्रेय मी देणारच. यांना छातीत दुखायला लागलं त्या रात्री इमर्जन्सीत कोणी डिपॉझिट मागितलं नाही, आधी आत घेतलं, कागद नंतर आले. 1986 पासून इथे तसा कायदाच आहे. 2025 च्या मार्चअखेरीस पुण्यात अनामत रकमेवरून जे घडलं ते वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते. तेव्हा इथल्या गोष्टींना नावं ठेवायची म्हणून मी लिहीत नाहीये. इथली जी दुखरी जागा आहे तिच्यावर बोट ठेवतेय, कारण तुम्ही आता नेमके त्याच वाटेने निघालात.

आयुष्मान असो की फुले योजना, दोन्ही दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. खासगी मेडिक्लेममध्येही डे-केअरच्या शस्त्रक्रिया सोडल्या तर सहसा 24 तास भरती व्हावं लागतं. ओपीडीचे पैसे देणाऱ्या पॉलिसी मोजक्या आणि महाग. याचा अर्थ असा की साखर आटोक्यात ठेवायला तुम्हाला कोणी एक रुपया देणार नाही, साखरेने पाय काळा पडला की मात्र 5 लाख तयार आहेत. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आधीच आहे. तिला ही रचना खतपाणीच घालते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. ते दर महिन्याला सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी-पेन्शनरांसाठीच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात जातात, रांगेला शिव्या देतात, गोळ्या घेऊन येतात. 1954 साली दिल्लीत सुरू झालेली ही योजना. ग्रुपवर कोणी तिचं नाव काढत नाही, कारण तिच्यात पंचतारांकित काही नाही. पण तिकडच्या अख्ख्या घरात आज ठरलेला पहिला डॉक्टर असलेला माणूस तो एकच आहे, आणि त्यांची साखर आम्हा सगळ्यांत चांगली आहे. मुंबईतल्या आपला दवाखान्याचंही तसंच. तिथे फुकट तपासतात, फुकट औषध देतात. त्याबद्दल भाच्याने एक ओळ लिहिली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या साताऱ्याच्या डॉक्टरांचा दवाखाना पेठेत, खाली किराणा, वर लाकडी जिना. बाकावर नंबर लावायचा. कंपाउंडर नाव न विचारता केसपेपर काढायचा. बाबांचा दम डॉक्टरांना जिन्यातच ऐकू यायचा. "अण्णा, पुन्हा सुरू केलीत का?" असं आतूनच विचारायचे, आणि बाबा खिशातलं बिडीचं बंडल माझ्या हातात देऊन मग आत जायचे. आजी गेली त्या रात्री ते लुना घेऊन घरी आले होते. फी किती होती, मला आठवत नाही. विम्याचं नाव आमच्या घरात कोणी ऐकलेलं नव्हतं. हे सगळं सोन्यासारखं होतं असं नाही. आईचा कॅन्सर त्यांच्या हातून उशिरा लक्षात आला आणि मुंबईपर्यंत नेईतो वेळ गेली होती. त्यासाठी कवच हवंच. मी कार्डाच्या विरोधात नाही.

केरीत शेवटी डॉक्टर मिळाल्या. देवळातल्या ओळखीच्या एका तेलुगू बाईंनी नाव सुचवलं, त्यांची एक जागा रिकामी होत होती. पहिलीच भेट मेडिकेअरची वार्षिक वेलनेस व्हिजिट. वर्षभरात पडलात का, घरात एकट्या असता का, जिन्याला कठडा आहे का. मग त्यांनी तीन शब्द सांगून ते लक्षात ठेवायला सांगितलं आणि कोऱ्या कागदावर घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. मी वर्तुळ काढलं, आकडे भरले, काटे काढले. तिन्ही शब्द बरोबर सांगितले. त्या "परफेक्ट" म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या, चांगल्या आहेत त्या. मला मात्र गाडीत येऊन रडू आलं. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवायला त्या बाईंजवळ दुसरं काही नव्हतं. मी आधी कशी बोलायचे, काय विसरायचे, कशावर हसायचे, हे माहीत असलेला एकही डॉक्टर आता जगात नाही. साताऱ्याचे गेले. त्यांचा मुलगा पुण्यात हाडांचे डॉक्टर आहे, पेठेतल्या त्या माडीवर आता मोबाइलचं दुकान आहे. न्यू जर्सीचे करारात गेले.

"मग परत का येत नाहीस?" भाच्याने परवा विचारलं. टोमणा नव्हता तो, मला माहीत आहे. पण मी या वयात, साखर घेऊन तिथे पॉलिसी मागायला गेले, तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. मेडिकेअर भारतात चालत नाही. मेडिगॅपमधून परदेशातल्या तातडीच्या दुखण्याला काहीतरी मिळतं, तेही प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांत उद्भवलं तर. म्हणून आमचं हिवाळ्याचं तिकीटही त्या हिशोबाने निघतं. पार्ट बी सोडून कायमचं यावं, तर पुन्हा घेताना दर 12 महिन्यांमागे 10 टक्के दंड, तोही बहुधा जन्मभर. माणूस कुठे राहणार हे असल्या आकड्यांवर ठरतंय, हे मला आवडत नाही. आणि खरं सांगायचं तर आकडे नसते तरी मी आले असते का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. लेक इथे आहे. नात गुडघ्याला धरून जिना उतरवते. साताऱ्याला गेले की मला ओळखणारी माणसं बाजारात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटतात. तरी ग्रुपवर वाद पेटला की मी इथे रात्री दोन वाजता उठून उत्तरं लिहिते. तुम्हाला वाटत असेल मावशी शहाणपणा शिकवते. मला त्या वादातून बाहेर राहवत नाही, एवढंच.

तेव्हा आयुष्मानचं कार्ड जरूर काढ. आईला पॉलिसी घ्यायची असेल तर तीही घे. पण तुझी आई, माझी धाकटी बहीण, गेली दोन वर्षं रक्तदाबाची गोळी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाल्याकडून आणतेय, हे तिनेच मला फोनवर सांगितलंय. तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एमबीबीएस बाई बसतात, संध्याकाळी सहा ते नऊ. या आठवड्यात तिला तिथे घेऊन जा. ताप नसताना, काही होत नसताना. तिच्या नावाचा केसपेपर काढ, आमच्या आईच्या कॅन्सरचं त्यात लिहून घे, आणि दर तीन महिन्यांनी तिला त्याच बाईंकडे पाठव.