पोर्टल वापरत नाही म्हणून मेमो? आधी ते वापरण्यासारखं तरी करा!

आज दुपारी तीनला शिफ्ट सुटली आणि टाइम ऑफिसच्या खिडकीशेजारी नवं सर्क्युलर चिकटवलेलं दिसलं. ‘कंपनीच्या पोर्टलचा वापर अत्यंत कमी असून ही बाब गंभीर आहे. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक विभागाने शंभर टक्के लॉगिन पूर्ण करावे, अन्यथा विभागप्रमुखांना मेमो देण्यात येईल.’ पोर्टल म्हणजे कंपनीची आतली वेबसाइट, सूचना, ड्रॉइंग, रजेचे नियम सगळं तिथंच टाकतात. सर्क्युलर वाचलं आणि डोकंच फिरलं. घरी आलो, चहा झाला, तरी राग उतरेना. म्हणून लिहायला बसलोय.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीच्या मशिन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे, बारा वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, उद्या सकाळी सातला मला तिथंच पंच करायचंय. पण सर्क्युलर काढणाऱ्यांना एक विचारायचंय. ‘पोर्टल वापरा’ हे आम्हाला सांगायला तुम्ही कागद का चिकटवलात? पोर्टलवर टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग दोष आमचा कसा?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी सांगलवाडीला राहतो, सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पलीकडं. आमच्याकडं पावसाळ्यात माणूस झोपताना दोन गोष्टी बघतो, कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विनला पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलेलं आम्ही बघितलंय, संसार वाहून गेलेत, त्यामुळं पुराच्या सूचनेची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको. त्या रात्री पाणी पस्तीसच्या आसपास होतं आणि चढत होतं. कंपनीनं ठरवलं की सकाळची बस सांगलवाडीत येणार नाही, पुलाअलीकडच्या टिळक चौकातूनच सुटेल. निर्णय बरोबर होता, पाणी चढत असताना बस पलीकडं घालूच नये. पण ही सूचना टाकली कुठं, तर रात्री पावणेदहाला पोर्टलवर. आणि आमचं पोर्टल कंपनीच्या कंपाउंडच्या आत असलं तरच उघडतं. घरच्या मोबाइलवर नाही, बाहेरच्या कुठल्याच नेटवर नाही. कंपनीच्या आतल्या नेटवर्कलाच जोडलंय ते.

आम्ही पाच जण सकाळी सहापासून आमच्या थांब्यावर पावसात उभे. त्यात एक बाई पॅकिंगच्या, घरी वर्षाचं पोर ठेवून आलेल्या. साडेसहा झाले, पावणेसात झाले, बस नाही. ड्रायव्हरला फोन लावला तर तो म्हणाला, “अवो, मी सव्वासहालाच टिळक चौकातनं निघालो की. तुम्हाला कळलं न्हाय व्हय?” पूल चालू होता. आदल्या रात्री एक मेसेज आला असता तर दहा मिनिटांत चालत पूल ओलांडून टिळक चौकात उभे राहिलो असतो. वडाप, म्हणजे शेअर जीप, करून भिजत कंपनीत पोचलो तर आठ वाजून गेलेले. टाइम ऑफिसनं पाचही जणांना अर्धा दिवस गैरहजर लावलं. का म्हणून विचारलं तर उत्तर आलं, “पोर्टलवर होतं.” तो अर्धा दिवस आजतागायत कुणी परत लावलेला नाही. त्या बाई त्यानंतर पोर्टलचं नाव काढलं तरी मान फिरवतात, आणि मी त्यांना ‘उघडा एकदा’ असं कुठल्या तोंडानं सांगू?

हे झालं बसचं. आता कामाचं सांगतो, कारण मला खरी चीड याची आहे.

तीन महिन्यांपूर्वी व्हीएमसीवर, म्हणजे कंप्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर, एक नवीन पोरगा लागला. आयटीआय केलेला, हुशार, शिकायची हौस असलेला. त्याला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की ड्रॉइंग पोर्टलवरूनच बघायचं. त्यानं तेच केलं. पोर्टलवर पार्ट नंबर टाकला, ड्रॉइंग आलं, रिव्हिजन बी, म्हणजे बी आवृत्ती. त्यात बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ३५ एच ७, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या वर २५ मायक्रॉनपर्यंत चालतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण त्या पार्टची चालू रिव्हिजन डी आहे आणि डीमध्ये बोअर एच ६ केलाय, म्हणजे फक्त १६ मायक्रॉन. पोरानं बीप्रमाणे अख्खा लॉट काढला. मी बोअर गेज घालून बघितलं तर जॉबमागून जॉब, म्हणजे एकेक तयार भाग, अठरा, वीस, बावीस मायक्रॉनवर. बोअर एकदा मोठा झाला की त्यात परत मटेरियल भरता येत नाही, जॉब गेला तो गेलाच. ८६ जॉब नापास, लाल ट्रेमध्ये. माझ्या हातानं लाल टॅग बांधले मी त्यांना. पोरगा शेजारी उभा होता, चेहरा पांढराफटक.

आणि मेमो कुणाला मिळाला? त्या पोराला. त्यानं सांगितल्याप्रमाणं पोर्टल वापरलं ही त्याची चूक! बाकीचे जुने ऑपरेटर पोर्टल उघडतच नाहीत, ते सरळ डिझाइनला फोन लावून चालू रिव्हिजन विचारतात, म्हणून त्यांचे जॉब बरोबर येतात. मग लोक यातून काय शिकणार? ज्यानं पोर्टलवर विश्वास ठेवला तो बुडाला, हे अख्ख्या शॉपनं डोळ्यांनी बघितलंय. त्या ड्रॉइंगच्या पानाखाली ‘अपलोड करणार’ म्हणून ज्यांचं नाव आहे ते साहेब दोन वर्षांपूर्वीच कंपनी सोडून पुण्याला गेलेत. त्यांच्या जागी ते पान कुणाच्या गळ्यात पडलं, तर कुणाच्याच नाही.

आमच्या गेटवर आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाचा बोर्ड लावलाय. २०१५ च्या त्या मानकात ७.५.३ कलमात स्पष्ट म्हटलंय की कागदपत्र जिथं लागेल तिथं, लागेल तेव्हा मिळालं पाहिजे आणि त्यातल्या बदलांवर, म्हणजे कुठली आवृत्ती चालू आहे यावर, नियंत्रण ठेवलं पाहिजे. ऑडिटच्या आदल्या दिवशी आम्ही मशिनवरची जुनी प्रिंट शोधून शोधून फाडतो. मग पोर्टलवरची जुनी ड्रॉइंग कुणी काढायची? तिथं ऑडिटरची नजर जात नाही म्हणून ती तशीच ठेवायची?

सर्चबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. आमच्या शॉपमधले निम्मे लोक मराठीतच शोधणार, त्यांनी दुसरं काय करायचं? मी स्वतः ‘रजा’ टाइप करून बघितलं. एकही निकाल नाही. रजेचे नियम पोर्टलवर नाहीत का? आहेत, सतरा पानांचे आहेत. पण ते जुन्या कृतिदेव फॉन्टात टाइप केलेत. त्या फॉन्टात पडद्यावर ‘रजा’ दिसतं, पण आत कंप्युटरनं साठवलेलं असतं जे, टी, के. मी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी ज्या पद्धतीनं साठवलं जातं त्यात, ‘रजा’ लिहिलं तर त्याला ते सापडणार कुठून? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आज चौथीतलं पोरगं मोबाइलवर मराठी टाइप करतं आणि आमची कंपनी अजून कृतिदेवमध्ये नियम लिहिते! बाकीची सर्क्युलर म्हणजे स्कॅन केलेले फोटो, सही-शिक्क्यासकट, वाकडे. फोटोत अक्षर शोधता येत नाही, एवढं तरी आयटीवाल्यांना माहीत असायला हवं.

पासवर्डचं थोडक्यात सांगतो. दर तीस दिवसांनी बदला, तीनदा चुकला की लॉक, आणि लॉक काढायला आयटी फक्त जनरल शिफ्टला. सेकंड शिफ्टवाल्यानं काय करायचं? टूल क्रिबजवळ, म्हणजे हत्यारं मिळतात त्या खिडकीजवळ, १८० माणसांत मिळून एक कंप्युटर आहे, मशिनच्या कूलंटनं माखलेल्या बोटांनी त्याचा कीबोर्ड काळा झालाय, आणि त्याच्या कडेला टेपवर पेननं पासवर्ड लिहून चिकटवलेत. पासवर्ड असा सारखा बदलायला लावून सुरक्षितता वाढत नाही, हे अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून टाकलंय, की कारणाशिवाय ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका. आमच्याकडं तो टेप हीच सुरक्षितता.

आता शंभर टक्के लॉगिन कसं होणार तेही सांगतो. आजच सुरुवात झाली. सुपरवायझरनी वही काढली, सगळ्यांचे टोकन नंबर आणि पासवर्ड लिहून घेतले. उद्यापासून एक ट्रेनी पोरगी सकाळी बसून एकेकाच्या नावानं लॉगिन करणार आणि बंद करणार. महिनाअखेर आकडा शंभर दिसेल. मिटिंगमध्ये टाळ्या होतील. ट्रेनी पोरीचे रोजचे दोन तास त्यात जाणार, तिला खरं तर गेज लावायला शिकवायचं होतं मला.

आमच्या कँटीनच्या दारात एक काळा फळा आहे. कँटीनचे मामा त्यावर रोज सकाळी खडूनं तारीख टाकतात, जेवण काय ते लिहितात, आणि बस बदलली, पगार स्लिप आली, कुणाच्या घरी वाईट झालं, तेही खाली लिहितात. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून टाकतात. त्या फळ्यावर काल लिहिलेलं आज कधी दिसत नाही. म्हणून प्रत्येक माणूस आत जाताना तिकडं बघतोच. मामा सातवी शिकलेत. त्यांना जे कळतं ते पोर्टलवर पैसे ओतणाऱ्यांना का कळू नये? वर तारीख, लिहिणारा माणूस माहीत, शिळं झालं की पुसलं.

माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक पानावर शेवटी कधी तपासलं ती तारीख टाका आणि आज कंपनीत असलेल्या माणसाचं नाव टाका. तो कंपनी सोडून गेला तर पान त्याच दिवशी दुसऱ्याच्या नावावर करा. जुनं ड्रॉइंग सर्चमध्ये दिसताच कामा नये. बस, शिफ्ट, शिल्लक रजा आणि पगार स्लिप एवढं तरी मोबाइलवर घरून उघडू द्या, ड्रॉइंग नका देऊ बाहेर, ते मलाही पटतं. नियम युनिकोड मराठीत परत टाइप करा, सतरा पानं आहेत, दोन दिवसांचं काम आहे. पहिल्या पानावरचा तीन दिवाळ्यांपूर्वीचा शुभेच्छा संदेश काढा आणि तिथं शोधायची चौकट ठेवा. आणि हे सगळं करायच्या आधी चार दिवस टूल क्रिबजवळच्या त्या कंप्युटरपाशी उभं राहून बघा, माणसं येऊन काय शोधतात आणि काय न मिळता परत जातात. पोर्टल बनवताना शॉपमधल्या एकालाही कुणी काही विचारलं नव्हतं. मला नाही, मेंटेनन्सला नाही, स्टोअरला नाही.

सर्क्युलर वाचून झाल्यावर आज मी मुद्दाम परत आत गेलो. बॅग खांद्यावरच होती. त्या कंप्युटरवर तोच पार्ट नंबर टाकला, ज्याचे ८६ जॉब गेले आणि पोराला मेमो मिळाला. ड्रॉइंग उघडलं. अजून रिव्हिजन बी.