‘बायकांची टूर आधीच ठरलेली असते’ म्हणणाऱ्यांना सोलापुरातून उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर दिसला आणि तिसऱ्या दिवशी माहेरच्या. मजकूर असा: “बायकांची टूर द फ्रान्स म्हणजे नुसता देखावा. पुरुष 21 टप्पे मारतात, या 9 दिवसांत दमतात. शर्यत कसली, सगळ्या घोळक्याने फिरतात. जिंकणार कोण तेही ठरलेलं, दरवर्षी डच बाईच. पुरुषांच्या पैशावर चाललेली हौस. आपल्या मुलींचा याच्याशी काय संबंध?” खाली हसणारे तीन चेहरे.

हसणाऱ्यांत आमच्याबरोबर दर रविवारी तुळजापूरला येणारेही होते, म्हणून हे लिहायला बसले. टूर द फ्रान्स ही टप्प्याटप्प्यांची सायकल शर्यत, रोज एक टप्पा; सगळ्या टप्प्यांचा मिळून वेळ जिचा सगळ्यांत कमी, ती विजेती. महिलांची टूर 1 ऑगस्ट 2026 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला सुरू होऊन 9 ऑगस्टला नीसला संपते. ती बघण्याआधी मेसेजमधलं एकेक वाक्य तपासू.

पहिलं वाक्य, नऊ दिवसांत दमण्याचं. शर्यत नऊच दिवसांची आहे आणि पुरुषांची 21 टप्प्यांची, हे खरं. पण नऊ हा आकडा सायकल चालवणाऱ्यांनी मागितलेला नाही, तो आयोजकांनी ठरवला आहे. 1984 मध्ये महिलांची टूर झाली तेव्हा तिला 18 टप्पे होते आणि ती पुरुषांच्याच शर्यतीच्या वेळेला, बऱ्याच ठिकाणी त्याच रस्त्यांवर झाली. अमेरिकेच्या मारियान मार्टिनने ती जिंकली. ती शर्यत 1989 पर्यंत चालली आणि मग बंद पडली. पुढे वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या हातांत महिलांच्या शर्यती होत राहिल्या. पुरुषांच्या टूरच्या आयोजकांनी आजची शर्यत 2022 मध्ये सुरू केली. म्हणजे 42 वर्षांपूर्वी बायका 18 टप्पे पुरे करत होत्या.

अंतराचंही तसंच. महिलांच्या टप्प्याला दिवसाला साधारण 160 किलोमीटरची मर्यादा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमातच आहे, त्याहून लांब टप्प्याला वेगळी परवानगी काढावी लागते. पुरुषांची मर्यादा 240 आहे. नियम करून अंतर कमी ठेवायचं आणि मग अंतर कमी म्हणून नावं ठेवायची, हा कुठला न्याय? परवानगी मिळाली तेव्हा 2022 मध्ये 175 किलोमीटरहून लांब टप्पा झालाच. यंदाही सिस्तराँ ते नीस हा टप्पा 175 किलोमीटरचा आहे, आणि तो माँ व्हाँतू या डोंगराच्या चढाच्या दुसऱ्याच दिवशी आहे.

व्हाँतू म्हणजे काय, ते सोलापूरकराला कसं सांगू? तुळजापूरच्या अलीकडचा घाट आपण मान खाली घालून चढतो, वर आलो की चहा घेतो, फोटो काढतो. व्हाँतूचा चढ 15.7 किलोमीटर सलग आहे, आणि दर शंभर मीटरला सरासरी 8.8 मीटर वर नेणारा. माथा 1,910 मीटरवर. शेवटच्या भागात झाड नाही, पांढरा दगड आणि वारा. तोही 144 किलोमीटरच्या टप्प्याच्या शेवटी, सहा दिवस पाय झिजवल्यानंतर.

‘दमतात’ हा शब्द मला खास लागला, कारण तो याच गावात लिहिला गेला. कोजागरीला याच सोलापुरातून लाखो माणसं तुळजापूरला पायी जातात, 45 किलोमीटर, रात्रभर. त्यांत बायका किती असतात ते रस्त्याच्या कडेला पाणी वाटणाऱ्या कुणालाही विचारा. माझी सासू साठी ओलांडल्यावरही जात होती, आणि परत आल्यावर दुपारी भाकऱ्या थापत होती.

वेगाचं सांगते. 2024 ची शर्यत 946 किलोमीटरची होती आणि विजेतीला साडेचोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागला. हिशेब करा, ताशी 38 किलोमीटरच्या वर, आल्प्सचे घाट धरून. पुरुष याहून जोरात जातात, ते मी नाकारत नाही. पण आमच्या ग्रुपमधला एकही पुरुष हा वेग विजापूर रोडवर, सपाटीला, एक तास टिकवत नाही. मी टिकवायचा प्रश्नच नाही.

आता ‘घोळक्याने फिरतात’. ज्याने समोरून वारा अंगावर घेत होटगी रोड कापलाय त्याला कळेल की घोळक्यात राहणं ही शर्यतीतली पहिली अक्कल आहे. पुढच्याच्या मागे राहिलं की जोर वाचतो, आणि तो वाचलेला जोर नेमका कुठे खर्च करायचा यावर शर्यत फिरते. 2025 मध्ये कोल द ला माद्लेनच्या घाटावर काय झालं ते बघा. फ्रान्सच्या पोलिन फेरां-प्रेव्होच्या संघाने मारिओं ब्युनेल या तरुण सहकारी मुलीला आधीच पुढे पाठवून ठेवलं होतं. फेरां-प्रेव्हो मागून येऊन तिला गाठते, ब्युनेल उरलीसुरली ताकद तिच्यासाठी ओतते आणि बाजूला होते. तिथून फेरां-प्रेव्हो एकटी वर गेली. मागच्यांना दीड मिनिटाहून जास्त अंतर पडलं आणि टूर तिथेच तिच्या हातात आली. याला फिरणं म्हणायचं?

‘जिंकणार कोण ते ठरलेलं’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खोटं वाटतं, आणि यंदाच्या दावेदारांकडे बघायला तेच सगळ्यांत उपयोगी आहे. चार वर्षांत चार वेगळ्या विजेत्या. 2022 ला अ‍ॅनेमीक फान फ्ल्यूटन आणि 2023 ला डेमी फोलरिंग, दोघी नेदरलँड्सच्या. त्यानंतर 2024 ला पोलंडची काशा न्येविआदोमा आणि 2025 ला फ्रान्सची फेरां-प्रेव्हो. दोनदा डच, मग एकदाही नाही.

2024 चं तर पाठ करून ठेवावं असं आहे. पाचव्या टप्प्यात पिवळी जर्सी (एकूण वेळेत जी पुढे, ती घालते) अंगावर असलेली फोलरिंग शेवटाला साधारण सहा किलोमीटर उरले असताना पडली आणि पावणेदोन मिनिटांहून जास्त वेळ गमावून बसली. शेवटच्या दिवशी सकाळी ती न्येविआदोमाच्या 1 मिनिट 15 सेकंद मागे होती. तिने शेवटाच्या पन्नासएक किलोमीटर आधीच, ग्लांदाँच्या घाटावर हल्ला केला आणि आल्प द्युएझवर टप्पा जिंकला. न्येविआदोमा 61 सेकंदांनी मागे पोहोचली. टप्पा जिंकणारीला एकूण वेळेत 10 सेकंदांची सूट मिळते. 75 मधून 61 गेले, 10 गेले, उरले चार. चार सेकंदांनी टूर न्येविआदोमाची झाली. त्याआधीची दोन वर्षं ती तिसरी आली होती. मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातला गॅस बंद करून बाहेर येऊन उभी होते, आणि त्या चार सेकंदांवर माझा विश्वास बसत नव्हता.

मग यंदा कोण? फेरां-प्रेव्हो गतविजेती. 2024 ला माउंटन बाइकचं ऑलिंपिक सुवर्ण, 2025 ला पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची एका दिवसाची शर्यत आणि टूर, अशी तिची चढती कमान आहे, आणि व्हाँतूसारखा लांब, एकसुरी चढ तिला मानवतो. फोलरिंग 2023 ची विजेती, त्यानंतर दोन वर्षं लागोपाठ दुसरी. यंदा 21 किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकटीने घड्याळाशी लढायचा टप्पा आहे, दिजाँला, आणि ती तिच्या पथ्यावर पडेल. टाइम ट्रायल म्हटलं की मार्लन रॉइसरचं नाव आलंच: 2025 ची या प्रकारातली विश्वविजेती, स्वित्झर्लंडची, पूर्वी डॉक्टर म्हणून काम केलेली. 2025 ला आजारपणामुळे तिला पहिल्याच टप्प्यात थांबावं लागलं होतं. यंदा सुरुवात तिच्याच देशात आहे. न्येविआदोमाला मी कधीच मोजणीतून काढणार नाही. शेवटच्या दिवशी नीसभोवती 99 किलोमीटरचा खडबडीत, चढउताराचा टप्पा आहे. तिच्यासारख्या सतत हल्ले करत राहणाऱ्या खेळाडूला असेच रस्ते लागतात.

माझा अंदाज विचाराल तर फोलरिंग. व्हाँतूवर फेरां-प्रेव्हो तिला मागे टाकेल असं मला वाटतं, पण दिजाँला मिळवलेला वेळ आणि नीसचे दोन दिवस हिशेब उलटा करतील. चुकू शकते. चुकण्याची शक्यता आहे म्हणूनच मेसेजमधलं ‘ठरलेलं’ खोटं आहे.

पैशाचं थोडक्यात. न्येविआदोमाच्या कॅन्यन-स्रॅम संघाला पुरुषांचा संघच नाही. फोलरिंग 2024 ला ज्या एसडी वर्क्ससाठी खेळली, त्यालाही नाही. चार सेकंदांची ती लढाई निव्वळ महिलांच्या दोन संघांत झाली. आणि टूर जिंकणाऱ्या पुरुषाला 5 लाख युरो मिळतात, बाईला 50 हजार. कोण कोणाच्या पैशावर चाललंय ते यावरून ठरवा.

राहिला आपल्या मुलींचा संबंध. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये, विसाव्या वर्षी, सायकलवर सुमारे 29 हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा 159 दिवसांत केली. आणि जानेवारी 2026 मध्ये पुण्यात टप्प्यांची मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, 437 किलोमीटरची, आपल्या घाटांतून. ती पुरुषांसाठीच होती. रस्ता तयार आहे, घाट आहेत, बंदोबस्त कसा करायचा तेही आता माहीत आहे. त्याच रस्त्यावर मुलींची शर्यत का नाही, हा प्रश्न मेसेज पाठवणाऱ्यांनी पुढे पाठवावा.

आमच्या गल्लीतली तेरा वर्षांची एक मुलगी पहाटे माझ्याबरोबर कंबर तलावापर्यंत येते. भावाची जुनी सायकल, सीट पार खाली केलेली. तिला मी 2025 ची किम ल कूर दाखवली, मॉरिशसची. एक टप्पा जिंकला, पिवळी जर्सी घातली, आफ्रिकेतून या शर्यतीत तिच्याआधी हे कुणीच केलं नव्हतं. मुलीने विचारलं, मॉरिशस केवढं आहे? मी मोबाइलवर नकाशा काढला. आपल्या जिल्ह्यात तसे सात बसतील. तिने नकाशा बोटांनी मोठा केला, परत लहान केला, आणि विचारलं, “मावशी, तिकडे घाट आहे का?”