आग रामेश्वरी, मोहरीची उशी सोमेश्वरी

व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोय: ‘कमी दिवसांच्या बाळाचं डोकं लांबट होतं. पेटीतून घरी आणल्याबरोबर मोहरीची उशी द्या, न्हाऊ घालताना डोकं दाबा, तीन महिन्यांत गोल! दवाखान्यातही उशी देतातच. नाही दिली तर मेंदूची वाढ खुंटते.’

पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढचं सगळं पटतं. वेळेआधी जन्मलेल्या अशा बाळाची कवटी पातळ नि मऊ असते, मानेत जोर नसतो. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, ते पालथं किंवा कुशीवर असतं आणि डोकं आठवडेच्या आठवडे कधी या, कधी त्या कानावर पडून राहतं. म्हणून ते दोन्ही बाजूंनी चपटतं आणि पुढे-मागे लांबतं. मोहरीची उशी आपण देतो ती मागून चपटं होऊ नये म्हणून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘दवाखान्यातही देतात’ हा मुद्दा सगळ्यात फसवा. तिथे मऊ आधार असतो, तसा छातीचे ठोके आणि ऑक्सिजन क्षणाक्षणाला दाखवणारा मॉनिटरही असतो, आणि दर काही तासांनी कूस बदलणारी सिस्टर असते. घरी रात्री दोन वाजता यातलं काहीच नसतं. उशीमुळे हनुवटी छातीला टेकली की श्वास अडकतो, आणि झोपेत अचानक मृत्यूचा धोका कमी दिवसांच्या बाळांना मुळातच जास्त. डोक्याला आकार देणाऱ्या उश्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 2022 मध्ये दिला आहे. घरी झोपवायचं ते पाठीवर, सपाट गादीवर, उशीशिवाय.

डोकं दाबण्याबद्दल काय बोलावं! प्रत्येक घरात ‘तुझं डोकं मीच गोल केलं’ म्हणणारी एक आजी असते. ते डोकं आतून वाढणाऱ्या मेंदूने आणि मान धरू लागलेल्या बाळाने गोल केलेलं असतं. अंगाला हलक्या हाताने तेल लावा, टाळू नि कवटी दाबू नका.

मेंदूचं म्हणाल, तर नुसत्या निजण्याने बदललेल्या आकारामुळे त्याची वाढ खुंटत नाही. मात्र कवटीचा सांधा वेळेआधी जुळला तरी डोकं असंच लांबट दिसतं. टाळूपासून मागे कडक उंचवटा लागला, किंवा डोक्याचा घेर अपेक्षेप्रमाणे वाढत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया करावी लागली, तर ती पहिल्या काही महिन्यांतच सोपी असते. ते महिने उशीत घालवू नका.

मग करायचं काय? निजवताना डोकं आज उजवीकडे, उद्या डावीकडे. बाळ नेहमी दाराकडेच बघत असेल, तर त्याची उशा-पायथ्याची दिशा बदला. जागं असताना, आपल्या नजरेसमोर, थोडा थोडा वेळ पालथं. आणि कांगारूसारखं उघड्या छातीशी धरणं: जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांसाठी दिवसाचे 8 ते 24 तास सांगते. ऊब आणि दूध यासाठीच ते मुख्यतः असतं, पण तेवढा वेळ डोकंही गादीवरून सुटतं. बाबांची छातीही चालते.