कर्ता बेपत्ता

बातम्या मी हातात लाल पेन घेऊनच वाचतो. कोणी सांगितलेले नाही, मार्कही कोणाला द्यायचे नाहीत, खोड आहे.

‘पोलिसांनी आरोपीला अटक करण्यात आली.’ झाले, पेनचे टोपण उघडले! ‘पोलिसांनी’ म्हटले की पुढे ‘अटक केली’ हवे. ‘करण्यात आली’चाच सोस असेल तर आधी ‘पोलिसांकडून’ म्हणा. हे वाक्य सुरू होते माणसासारखे आणि संपते सरकारी पत्रकासारखे. पूर्णविराम देण्यापूर्वी पहिला शब्द पुन्हा वाचला तरी पुरते. पण घाई असते.

पुढची बातमी: ‘दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी तरुणाला पकडले.’ पोलीस भलतेच अष्टपैलू निघाले. पितात, गाडी चालवतात आणि वर पकडतातही! ‘पिऊन’मधली क्रिया मुख्य क्रियापदाच्या कर्त्याची असते. ‘चालवताना’ला स्वतःचा कर्ता दिला नाही, तर तेही त्यालाच जाऊन चिकटते. ‘दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या तरुणाला पोलिसांनी पकडले’ असे लिहिले की पोलीस शुद्धीवर येतात.

‘मंत्र्यांचा मोठा खुलासा’ वाचून तर मला काहीच कळत नाही. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, हिंदीत गौप्यस्फोट. म्हणजे मंत्र्यांनी भांडे फोडले, की फुटलेल्या भांड्यावर सारवासारव केली? ‘जवानांनी पूरग्रस्तांची मदत केली’ हीही तिकडचीच पाहुणी. आपल्याकडे पूरग्रस्तांना मदत करतात. पूरग्रस्तांची मदत फार तर मधल्यामध्ये लंपास होते.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल मी हल्ली ब्र काढत नाही. पण ‘उध्वस्त’ दिसले की हात शिवशिवतो. उद् अधिक ध्वस्त, म्हणून उद्ध्वस्त. घरासोबत ‘द्’ही वाहून गेला की काय? ‘मृत्यूमुखी’चेही तसेच. ‘मृत्यू’ एकटा असताना दीर्घ, पण समासात आधी आला की मूळ संस्कृतातला ऱ्हस्व उकार परततो: मृत्युमुखी. हे नियम 1962 पासून छापील मिळतात.

शेवटी आतल्या पानाच्या कोपऱ्यात एक चौकट सापडली. शीर्षक ‘शुद्धीपत्र’. समास आहे, ‘द्धि’ ऱ्हस्व हवी. खाली मजकूर: ‘कालच्या अंकात चूक झाली. त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’

कोणाकडून, ते इथेही नाही.