आठवीचं पुस्तक, १९३० चं सोलापूर आणि एक फिरता संदेश

सोलापूरच्या ग्रुपांवर एक संदेश पुन्हा फिरतोय. म्हणणं असं, की आठवीच्या इतिहासात १९३० चं सोलापूर, म्हणजे इंग्रजांविरुद्धचा शहराचा उठाव, चार ओळींत उरकलाय, भाषेत जीव नाही, लेखकाला लिहिताच येत नाही. कादंबरीसारखं लिहिलं असतं तर पोरांनी इतिहास डोक्यावर घेतला असता.

मुळात हा 'लेखक' कोण? बालभारतीचं पुस्तक समिती आणि अभ्यासगट मिळून करतात, नावं आत छापलेली असतात. एकटा कुणी झोडपायला सापडणार नाही.

भाषेत जीव नाही म्हणे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना इंग्रज सरकारने १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिली. या वाक्यात कुठलं विशेषण बसवायचं ते सांगा. 'धगधगते' घातलंत तर मजकूर हार-तुऱ्याच्या भाषणाचा होतो. आणि रंगवायला बसलं की हिशेब सुटतो. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात गिरणी कामगारांसह शहर उठलं, गोळ्या चालल्या, इंग्रजांचा अंमल उडाला, १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. मधले स्वातंत्र्याचे दिवस भाषणांत कुणी तीन सांगतं, कुणी चार. कादंबरीवाला चार घेईल, जास्त शोभतात म्हणून. पाठ्यपुस्तकाला ती चैन नाही.

एक मान्य: 'गोळीबार झाला' असली वाक्यं खटकतात. गोळीबार आपोआप होत नाही, कुणीतरी हुकूम देतो. तो कोण, हे लिहायलाच हवं. पण त्यासाठी कादंबरी कशाला? कर्ता लिहिला की भागतं.

संदेशवाल्यांना वाचणारी पोरं दिसतच नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी, कुठे कन्नड, कुठे उर्दू बोलणारी मुलं मराठी शाळेत हाच धडा वाचतात. अलंकारिक मराठीत पहिली तीच अडकतील. आखूड वाक्य त्यांच्या हाती लागतं.

पाठ्यपुस्तकाला गोष्ट सांगता येत नाही, हेही खोटं. चौथीच्या शिवाजी महाराजांच्या पुस्तकातला अफजलखान आजही लोकांना तोंडपाठ आहे. तिथे वय नऊ-दहा, एकच नायक, अख्खं पुस्तक. आठवीत देशभराची चळवळ आणि मोजकी पानं.

उरला कंटाळा. तो 'कारणे द्या' आणि गाईडमधल्या छापील उत्तरांचा आहे. उद्या धडा कितीही रसाळ लिहा, पेपरात चार हुतात्म्यांची नावंच विचारली तर पोरं नावंच पाठ करतील.