इन्स्टॉल कोणी करायचं, सरांनी की पोरांनी?

भाच्याला इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशन मिळाली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. लॅबमधे सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला अजून टर्बो सी++ हे जुनं सॉफ्टवेअरच आहे, डॉसबॉक्समधे (जुने डॉसचे प्रोग्राम चालवून देणारं सॉफ्टवेअर) चालणारं. राजेंद्र नगरचे काका म्हणतात त्यात वाईट काय, आम्ही त्यावरच शिकलो. मावसबहीण दुसऱ्या कॉलेजात शिकवते, ती म्हणते टर्बो काढाच, पण नवीन जे लागेल ते पोरांनी स्वतः टाकावं, उद्या नोकरीत कोण टाकून देणारे?

मी इकडे एस्टोनियात, तार्तूला. लांबून बोलणं सोपं असतं हे मान्य, तरी बोलतो.

टर्बो सी++ आलं १९९० मधे, सी++ चं पहिलं स्टँडर्ड १९९८ चं. म्हणजे पोरगं जे शिकतंय ते आजच्या कंपाइलरवर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामवर) धड चालतही नाही. वर त्यातला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटचा, मोठा आकडा त्यात मावत नाही, त्यामुळे ८ चा फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) काढला की ४०३२० च्या ऐवजी उणे २५२१६ येतं आणि पोरगं बिचारं रात्रभर आपल्या लूपमधली चूक शोधत बसतं. पण काकांच्या बाजूची एक गोष्ट कोणी बोलत नाही. टर्बोचं एक फोल्डर कॉपी केलं की झालं, एडिटर, कंपाइलर, हेल्प सगळं त्यातच. माझ्या मते ते इतकी वर्षं टिकलं ते यामुळेच, सगळा दोष मास्तरांच्या आळसाला देऊ नये.

आता ताईचं, म्हणजे त्या मावसबहिणीचं. व्हीएस कोड टाका म्हणणं सोपं आहे, पण तो नुसता एडिटर, कंपाइलर वेगळा आणा, मग पाथ सेट करा, म्हणजे कंपाइलर कुठल्या फोल्डरमधे आहे ते विंडोजला सांगा, नाहीतर 'जी++ इज नॉट रेकग्नाइज्ड' असा एरर. दुसरी भाषा पायथन, ती न टाकता विंडोजवर पायथन टाइप केलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं. झाबुआ-खरगोनहून आलेलं, भंवरकुआंला रूम घेऊन राहणारं पोरगं, घरातला पहिलाच लॅपटॉप, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्याचे पहिले दोन आठवडे यातच जातात आणि त्याला वाटतं प्रोग्रामिंग आपल्या बसकी बात नाही. ज्याच्या घरी इंजिनिअर दादा आहे तो पुढे निघून जातो. मग परीक्षा घेतली कशाची?

इथल्या युनिव्हर्सिटीत थॉनी नावाचं एन्व्हायर्नमेंट बनलं, खास नवशिक्यांसाठी. पायथन त्याच्या आतच येतं, व्हेरिएबलची किंमत बाजूला दिसते, एक्स्प्रेशन एकेक पायरीने कसं सुटतं तेही दाखवतं. शिकवणाऱ्या माणसाने पोरं कुठे अडकतात ते बघून बनवलेलं आहे हे कळतं.

पण परदेशातलं सगळंच उचलू नका. अमेरिकेतल्या बर्कली युनिव्हर्सिटीच्या डेटा सायन्सच्या कोर्समधे तर लिंकवर क्लिक केलं की नोटबुक (कोड लिहून तिथेच चालवायचं पान) ब्राउजरमधेच उघडतं, लॅपटॉपवर काही टाकायचंच नाही. मस्त आहे, पण अशा सोयीला सतत नेट लागतं, आणि कोर्सनंतर सर्व्हरवरचं खातं बंद झालं की डाउनलोड करून न ठेवलेलं काम गेलं. आपली फाइल नेमकी कुठे सेव्ह झाली हे न सांगता येणारी पोरं मी इथेही बघितलीत.

म्हणून माझं मत, सरांनी एक झिप बांधून पेन ड्राइव्हवर द्यावी. सी++ साठी कंपाइलरसकट कोडब्लॉक्स हा एडिटर, पायथनसाठी पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं, थॉनी, लागणारे पॅकेज आधीच टाकलेले, सी ड्राइव्हवर स्पेस नसलेल्या नावाच्या फोल्डरमधे उघडायचं, आणि सेमिस्टरभर व्हर्जन बदलायचं नाही म्हणजे नाही. स्वतः इन्स्टॉल करणं यायला हवंच, तर शेवटी त्याचं एक प्रॅक्टिकल ठेवा की, मार्कांसकट. पहिल्याच दिवशी कशाला?

यावर ताई भडकली. म्हणाली ती झिप बांधायचं, टेस्ट करायचं, बिघडली की पोरांचे फोन घ्यायचं काम माझ्या वर्कलोडमधे धरणार कोण? तुमच्याकडे या कामाला पगारी असिस्टंट असतात. हे मात्र खरं आहे आणि त्याचं उत्तर कॉलेजच्या मॅनेजमेंटनेच द्यायला पाहिजे, ग्रुपवर ते मिळणार नाही. या वर्षीपुरती मी बांधून पाठवू का विचारलं, तर म्हणे पाठव, पण तुझ्या त्या महागड्या मॅकवर बघून नको, चार जीबीच्या विंडोजवर चालवून मग पाठव.