तडकलेल्या शाईपेनाला सोडा आणि फेविक्विक: हा सल्ला कुठे कुठे चुकतो

जुन्या शाईपेनांबद्दल व्हॉट्सॲपवर एक नुस्खा फिरतोय. पेन गळतोय म्हणजे दांडी तडकली, ते मॉडेल बंद झालंय, सुटा भाग मिळत नाही, तर काय करायचं? नुस्ख्याचं म्हणणं असं: नेलपॉलिश रिमूव्हरने किंवा स्पिरिटने चीर पुसून घ्या, तिच्यावर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरवा, वर फेविक्विकचे दोन थेंब टाका, पॉलिश पेपरने घासा आणि लगेच शाई भरा. कुठलंही प्लास्टिक असो, पेन आयुष्यभर गळणार नाही. तडा मोठा असेल तर तापलेल्या सुईने कडा वितळवून जोडा.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पेन घेणारे बरेच जण घरी गेल्यावर हेच करून बघतात. मग तो पेन दुरुस्तीला येतो तेव्हा चीर तशीच असते, वर पांढरं ढेकूळ बसलेलं असतं आणि धड दुरुस्तीची वाट बंद झालेली असते. म्हणून या सल्ल्यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

"पेन गळतोय म्हणजे दांडी तडकली"

नुस्खा इथूनच सुरू होतो आणि पहिली चूकही इथेच आहे. ज्या पेनांत शाई ड्रॉपरने थेट दांडीत भरतात, त्यांत दांडी हीच टाकी असते. अशा पेनांची गळती बऱ्याचदा तड्यातून होत नाही, आट्यांतून होते. आधी पेन पूर्ण धुऊन वाळवा. दांडीत साधं पाणी भरा, पुढचा भाग घट्ट बसवा, बाहेरून कोरडा पुसा, टिश्यू पेपरात गुंडाळून निब वर करून रात्रभर उभा ठेवा. सकाळी ओल आट्यांच्या रेषेवर गोल दिसली, तर आटे साफ करून त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. तेवढ्याने काम होतं. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबरी वॉशर फुगतात.

शाई संपत आल्यावर निबमधून थेंब पडत असेल, तर तो तडाही नाही आणि आट्यांचा दोषही नाही. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाई बाहेर ढकलते. टाकी एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे हा प्रकार थांबतो.

टिश्यूवर ओलीची उभी रेघ उमटली, तरच तडा आहे.

"रिमूव्हरने किंवा स्पिरिटने पुसून घ्या"

असं पुसल्यानेच चांगले पेन कायमचे जातात. साध्या रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं. सेल्युलॉइड, पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक या दांड्यांच्या तिन्ही प्लास्टिकांना ते विरघळवतं, चकाकी जाते, पृष्ठभाग चिकट होतो. ॲसिटोन नसलेल्या रिमूव्हरमध्ये बहुधा इथाइल ॲसिटेट असतं, तेही यांना सुरक्षित नाही. शिवाय रिमूव्हरमधलं तेल आणि सुगंध चिरेत शिरले की पुढे कुठलाच गोंद धरत नाही.

स्पिरिट आणि सॅनिटायझर निरुपद्रवी वाटतात, पण ॲक्रिलिकवर तेच सर्वांत फसवे. ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की केसासारख्या बारीक चिरांचं जाळं उमटतं. १९४१ साली आलेल्या मूळ पार्कर ५१ ची दांडी ॲक्रिलिकचीच आहे. तिला स्पिरिट लावणं म्हणजे एका चिरेच्या चार चिरा करणं.

धुवायला कोमट पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब पुरतो. पाणी गरम नको. गरम पाण्याने एबोनाइट, म्हणजे जुन्या दांड्यांचं कडक रबर, तपकिरी पडतं आणि सेल्युलॉइड वाकडं होतं. चिरेत वाळलेली शाई असेल तर दांडी दोन-तीन तास पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा आणि नंतर पूर्ण दिवस वाळू द्या. एबोनाइट मात्र पाण्यात बुडवून ठेवू नका, त्यानेही त्याचा रंग उतरतो. त्याला वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रश पुरे.

"कुठल्याही प्लास्टिकला चालतं"

जोडणी कशी करायची हे पदार्थावरून ठरतं, म्हणून पदार्थ ओळखल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका. दांडी अंगठ्याने जोरात घासा आणि लगेच वास घ्या. गंधकाचा, जळक्या रबरासारखा वास आला तर एबोनाइट. कापराचा आला तर सेल्युलॉइड. वास नाही आणि टेबलावर हलकं आपटल्यावर पातळ, टणटणीत आवाज येतो, तर बहुधा पॉलिस्टायरीन. वास नाही, वजन भरीव आणि आवाज बद्द, तर ॲक्रिलिक असण्याची शक्यता जास्त. तरीही शंका राहिली तर दांडीच्या आत, न दिसणाऱ्या जागी, टाचणीच्या टोकावर मावेल इतकंच ॲसिटोन लावा. जागा चिकट झाली नाही तर या चारांपैकी ते एबोनाइटच असू शकतं.

सेल्युलॉइडला ॲसिटोन चालतं, पण पुसायला नाही, जोडायला. दांडी हलकेच दाबून चीर मिटवा, बारीक सुईच्या टोकाने ॲसिटोनचा एकच कण चिरेवर टेकवा. तो केशाकर्षणाने स्वतः आत ओढला जातो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. बाहेर ओघळ आला तर पुसू नका, पुसलं की ओरखडा पडतो. वाळू द्या, मग घासा. निदान आठवडाभर हात लावू नका, कारण आतलं द्रावक सावकाश उडतं आणि तोवर ती जागा मऊ असते.

पॉलिस्टायरीनला खेळण्यातल्या विमानांचे सुटे भाग जोडायचं पातळ सिमेंट याच पद्धतीने लावायचं. ॲक्रिलिकला पाट्या बनवणारे कारागीर क्लोरोफॉर्म वापरतात आणि त्याने जोड पक्का होतो. पण क्लोरोफॉर्म आणि त्याऐवजी वापरतात ते डायक्लोरोमिथेन, दोन्हींच्या वाफा घातक आहेत आणि घरातले पातळ हातमोजे त्यांना अडवत नाहीत. बंद खोलीत हे काम करायचं नाही. ॲक्रिलिकचा पेन पाटीवाल्या कारागिराकडे द्या आणि जोड त्याच्याच हातून करून घ्या.

एबोनाइट हे गंधकाने कडक केलेलं रबर. त्याला विरघळवून जोडता येत नाही, इपॉक्सीच लागते. दोन ट्यूबवाली, सावकाश वाळणारी साधी ॲराल्डाइट घ्या. पाच मिनिटांत वाळणारी नको, ती ओलाव्यात लवकर सुटते. दोन्ही ट्यूबमधून सारखी मात्रा काढा आणि पूर्ण दोन मिनिटं घोटा. दांडीच्या तोंडात निमुळती लाकडी काडी अगदी हलकेच सारून चीर जेमतेम उघडा, ब्लेडच्या कडेने इपॉक्सी आत भरा, काडी काढा, बाहेर आलेली पुसून घ्या. वरून नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप ओढून गुंडाळा. इपॉक्सी तिला चिकटत नाही आणि दाब सगळीकडे सारखा पडतो. आट्यांत उतरलेली इपॉक्सी ओली असतानाच लाकडी टोकाने काढा, वाळल्यावर ती काढताना आटे तुटतात. चोवीस तासांनी टेप सोडा. शाई तीन दिवसांनंतर.

"सोडा घातला की जोड दगडासारखा होतो"

कडक होतो हे खरं. फेविक्विकमधला सायनोॲक्रिलेट ओलाव्याने किंवा अल्कलीने घट्ट होतो, सोडा अल्कलीधर्मी असल्याने तो क्षणात गोठतो. पण दगडासारखा म्हणजे दगडासारखाच ठिसूळ. दांडीचा तडा बहुतेक वेळा तोंडाशी, आट्यांपासून सुरू होतो, कारण पुढचा भाग पिळून बसवताना तोंड बाहेरच्या दिशेने ताणलं जातं. प्रत्येक वेळी पेन भरताना तोच ताण पुन्हा येतो आणि ठिसूळ थर चिरेच्या रेषेवरच फुटतो. शिवाय तो थर चिरेवर असतो, चिरेत नसतो. गोंद इतक्या झटपट गोठतो की आत शिरायला त्याला वेळच मिळत नाही.

दुसरी अडचण शाईची आहे. गोंदाने न धरलेले सोड्याचे कण शाईतल्या पाण्यात विरघळतात आणि थराला छिद्रं पडतात. विरघळलेला सोडा आयर्न गॉल शाईत, म्हणजे लोहाच्या आम्लधर्मी शाईत, गेला तर त्या शाईचं आम्ल मारतो, लोहाचा साका तळाशी बसतो आणि निबखालच्या जिभेच्या खाचा तुंबतात. म्हणजे गळणाऱ्या पेनाचा न चालणारा पेन होतो.

वर पांढुरकी साय येते ती वेगळीच. गोंदाच्या वाफा हवेतल्या ओलाव्याने पृष्ठभागावर गोठतात. पुण्यात जून ते सप्टेंबर हा त्रास सर्वांत जास्त. काळ्या चकचकीत दांडीवर ही साय लांबूनही दिसते, आणि ती काढायला ॲसिटोन लावावं तर बहुतेक दांड्यांचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. सांडलेलं फेविक्विक कापसाने टिपू नका. कापसावर ते इतक्या वेगाने गोठतं की धूर येतो आणि बोट भाजतं.

"मोठा तडा तापलेल्या सुईने वितळवा"

हे कधीही करू नका. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ते क्षणात पेटतं आणि हाताजवळ पेटतं. पदार्थ ओळखण्यासाठी कोपरा जाळून पाहणंही त्यात आलं. एबोनाइट वितळतच नाही, नुसतं करपतं.

चीर पुढे सरकायची थांबवायला उष्णता नको, भोक हवं. चिरेचं शेवटचं टोक भिंगाखाली शोधा आणि तिथे ०.५ मिलिमीटरचं भोक हाताच्या छोट्या ड्रिलने, मोटर न लावता पाडा. टोकाशी एकवटलेला ताण त्या गोलाईवर पसरतो. सर्किट बोर्डाची अशी बारीक बिटं पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. चीर जोडताना हे भोकही बुजवायचं. भोक टोकाच्या अलीकडे पडलं तर उपयोग शून्य, म्हणून शोधण्यात घाई नको.

"लगेच शाई भरा, आयुष्यभर चालेल"

जोड पूर्ण वाळल्यावर आधी पाण्याची टिश्यू चाचणी, मग आठवडाभर धुऊन निघणारी निळी शाई. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, शाई इतक्यात नको, ती चिरेत बसली की निघत नाही. या काळात पेन खिशात ठेवू नका आणि उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत तर मुळीच नको.

तोंडापासूनचा तडा नुसत्या जोडाने कितपत टिकेल हे आट्यांवर अवलंबून आहे. तिथे लेथवर दांडीला बाहेरून उथळ खाच पाडून स्टेनलेस स्टीलची पातळ कडी इपॉक्सीने बसवली तर ताण कडी घेते. पितळेची कडी शाईने काळी-हिरवी पडते. दांडीची भिंत पातळ असेल तर खाच पाडू नका.

सेल्युलॉइड चिकट झालंय, पिवळं पडलंय, त्याला आंबट उग्र वास येतोय, तर ते विघटनाला लागलंय. त्याला कुठलाच जोड धरणार नाही. असा पेन इतरांपासून वेगळा, हवेशीर जागी ठेवा, त्याच्या वाफांनी शेजारचे पेनही बिघडतात.

चीर दांडीच्या निम्म्याहून लांब गेली असेल तर निब, जीभ, पुढचा भाग आणि टोपण मूळचे ठेवून फक्त दांडी एबोनाइटच्या सळईतून नवी कातून घ्या. हाताने पेन कातणारे कारागीर आपल्या देशात अजून आहेत. त्यांना फोटो किंवा नुसती मापं पाठवू नका, पुढचा भाग आणि टोपण दोन्ही द्या. दोन्हीकडचे आटे प्रत्यक्ष बसवून बघतच कातावे लागतात. आणि जुनी दांडी फेकू नका, आतल्या पोकळीची खोली तिच्यावरूनच घेता येते.